बोरन्हाणाच्या हंगामातला गोवर

मला गोवर निघाला तेव्हा माझी चाळिशी उलटली होती. हे ऐकलं की लोक आधी हसतात. हसा बापडे. मीही हसले असते, पण ओठ फुटले होते, हसलं की खोकला यायचा आणि खोकला आला की बरगड्या धरून बसावं लागायचं. गोवर म्हणजे लेकरांचं दुखणं, अंगावर पुरळ, कडुनिंबाच्या पाल्याची आंघोळ आणि झालं, एवढंच मला माहीत होतं. ज्यांना अजून तेवढंच माहीत आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते. लिहायचा सराव नाही, बोलते तसं लिहिते.

मी पुंडलिकनगरात राहते आणि हलव्याचे दागिने करते. आमचे मालक, म्हणजे नवरा, चिकलठाण्याला कंपनीत मालाच्या गाड्या भरायला आहेत. माझं काम वर्षातून एकदाच, पण तेव्हा जेवायला फुरसत नसते. लेकराची पहिली संक्रांत आली की त्याला काळं झबलं घालून पाटावर बसवतात, आमचे दागिने चढवतात आणि डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, चॉकलेटं ओततात. भोवती गल्लीतली पोरं टपूनच असतात, सांडलेलं वेचायला तुटून पडतात. मधे बसलेलं बाळ बहुतेक वेळा भोकाड पसरतं. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही करा, चालतं.

माझी एक पद्धत आहे. दागिने नुसते पोचवायचे नाहीत, घरी जाऊन बाळाला स्वतः घालून बघायचे. मुकुट डोळ्यावर येतो का, कंबरपट्टा टोचतो का, हे दुकानातला पुडा आणणाऱ्याला कसं कळणार? बाळाला मांडीवर घ्यायचं, तोंडाजवळ तोंड नेऊन 'कोण आहे रे, कोण आहे' करायचं आणि ते हसेपर्यंत मागून दोरा बांधून टाकायचा. माझा हात लागला की लेकरं रडत नाहीत, असं आया एकमेकींना सांगायच्या. त्यावरच माझं सगळं चालायचं.

सुई नंतर

हंगामात आयांच्या तोंडून एक गोष्ट मी इतक्यांदा ऐकली होती की तिचं काही वाटेनासं झालं होतं. बाळाच्या दंडाचं माप घ्यायला गेलं की आई म्हणायची, "ताई, नऊ महिन्यांची गोवराची सुई राहिलीये हिची. बोरन्हाण झालं की देऊन टाकू. आत्ता दिली तर ताप येईल, किरकिर करेल, फोटोत तोंड वाकडं दिसेल." काही जणी तर म्हणायच्या, सुई दंडातच देतात, मग बाजूबंद कसा बांधणार?

मी मान हलवायचे. दंड दुखत असला की लेकरू बाजूबंद ओढून तोडतं हे खरंच आहे आणि माझी मेहनत वाया जाते. कुणाची बोरन्हाणासाठी थांबलेली, कुणाची नणंदेच्या लग्नासाठी, कुणाची बाळाचा मामा पुण्याहून यायचाय म्हणून. सुई नको असं कुणीच म्हणत नव्हतं. सगळे नंतर म्हणत होते.

स्वराची आई त्यांतलीच. दीपाली नाव तिचं. बँकेत नोकरी, जालना रोडला विमानतळाच्या पुढं नवीन सोसायटीत घर. स्वरा दहा महिन्यांची, गोबरी, डोक्यावर जावळ असं की मुकुटाची कडी अडकायची. बोरन्हाण रविवारी होतं. हॉल घेतलेला, जालन्याची माणसं येणार होती. मी बुधवारी दागिने घेऊन गेले. अंगात कणकण होती, नाक गळत होतं, डोळ्यांची आग होत होती. मी म्हटलं, पाकाची वाफ आणि जागरण. दरवर्षी होतंच.

स्वराला मांडीवर घेतलं, मुकुट घातला. तिनं तो लगेच उपसला आणि चाटत बसली. तिची आजी, दीपालीच्या सासूबाई, हसून म्हणाल्या, "खाऊ दे गं, तिचाच आहे." मी दुसऱ्यांदा घातला. मधे मला दोनदा खोकला आला. तोंड फिरवलं होतं की नाही, हे मी पुढं कितीतरी वेळा आठवून पाहिलं. आठवत नाही.

निदान

गुरुवारी सकाळी आरशात पाहिलं तर कपाळापासून मानेपर्यंत लाल. मालक चहाचा कप तसाच हातात धरून बघत राहिले.

"अगं, हे काय झालं?"

"रंग लागला असेल हलव्याचा," मी म्हटलं.

"तोंडावर? दोन्ही गालांला?"

दुपारपर्यंत दम लागायला लागला. उजेडाकडं बघवेना. मालकांनी माझ्या डोक्यावर साडीचा पदर ओढला, गाडीवर बसवलं आणि सरकारी दवाखान्यात नेलं. मोठ्या डॉक्टरांच्या आधी एक तरुण डॉक्टरीणबाई आल्या. त्यांनी माझं तोंड उघडायला लावलं, गालाच्या आत बॅटरी मारली आणि विचारलं, "लहानपणी गोवराची लस झाली होती का?"

आता काय सांगू? मी धनगराची. माझं लहानपण मेंढरांमागं गेलं. आज दौलताबादच्या माळावर, तर पुढच्या महिन्यात कन्नडच्या घाटाखाली. सुईवाली बाई गावात यायची तेव्हा आमचं बिऱ्हाड घोड्यावर असायचं. मी म्हटलं, "बाई, आम्हाला टोचायला आमच्या मागं पळावं लागलं असतं."

त्या हसल्या, पण थोडंच. "गोवर आहे. छातीत उतरलाय. दाखल व्हावं लागेल." आणि मग त्यांनी विचारलं ते अजून माझ्या कानात आहे. "या दोन-चार दिवसांत लहान मुलांच्या जवळ गेला होता का?"

मी मालकांकडं बघितलं. मालकांनी खाली बघितलं. मी त्या पांढऱ्या बाकड्यावर बसले आणि ढसाढसा रडले. डॉक्टरीणबाईंना वाटलं मी आजाराला घाबरले.

वॉर्डात

मला वेगळ्या खोलीत ठेवलं. जागा कमी, म्हणून पडद्यापलीकडं एक लेकरूवाली बाई होती, नसीम. तिच्या मुलीलाही गोवरच. अडीच वर्षांची झोया, नाकाला नळी लावलेली, रडायचीसुद्धा ताकद नाही. गोवरानं लेकरू असं होतं हे मी पहिल्यांदा बघितलं. छाती वरखाली व्हायची, फासळ्या मोजून घ्याव्यात अशा दिसायच्या. मी कूस बदलली तरी तोच आवाज येत राहायचा.

दवाखान्याचा दिवस सकाळी झाडूच्या आवाजानं सुरू व्हायचा. मग ताप बघणं, सलाईन, गोळ्या, पाण्यासारखा चहा. खिडकीला नर्सबाईंनी माझ्यासाठी हिरवी चादर लावली होती, कारण उजेड डोळ्यांत सुईसारखा टोचायचा. तोंडाला चव नाही, घशातून पाणी उतरत नाही. नसीमच्या घरून पातळ खिचडी यायची, ती अर्धी माझ्या वाटीत ओतायची. नको म्हटलं की रागवायची, "खालो चुपचाप, अल्ला के वास्ते. मरीज के नखरे मेरेकू नै चलते."

मी तिला विचारलं, झोयाला सुई दिली नव्हती का?

"पैली दिये थे ना! दूसरी के टैम पे देवर की शादी निकली. बाद में दूँगी बाद में दूँगी बोलके रै गया." तिनं झोयाच्या अंगावरचं पांघरूण सारखं केलं. "एक दिये तो मैं समझी काम हो गया."

मला दुसऱ्या घरातली गोष्ट आठवली. डिसेंबरच्या शेवटी मी एका बाळाचं माप घ्यायला गेले होते तेव्हा आतल्या खोलीत मोठं लेकरू खोकत पडलेलं. दाराच्या आतल्या बाजूला कडुनिंबाची डहाळी टांगलेली. बाई म्हणाली, "सर्दी झालीये." घरात फोडणीचा वास नव्हता. आमच्याकडं गोवर निघाला की देवी घरात आली म्हणतात आणि फोडणी देत नाहीत, हे मला काय माहीत नव्हतं का? पण ऑर्डर होती, मी डोळेझाक केली. आता पडल्या पडल्या त्या बाईला मनात शिव्या घातल्या. सांगायला काय झालं होतं तुला? जीभ झडली असती का?

फोन

दाखल झाले त्याच दुपारी डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ज्या बाळांजवळ मी गेले होते त्यांच्या घरी लगेच कळवा. ज्यांची लस झाली नसेल आणि वयात बसत असतील, त्यांना दोन-तीन दिवसांत दिली तर आजार टळू शकतो. फारच लहान असतील त्यांच्यासाठी दुसरं इंजेक्शन आहे, त्यांना इथं घेऊन यायला सांगा. त्यांनी दवाखान्याकडूनही कळवायचं कबूल केलं, पण पत्ते आणि नंबर माझ्याकडंच होते.

फोन हातात घेतला आणि त्या डहाळीवाल्या बाईवरचा माझा राग निम्मा उतरला. पहिला नंबर लावायलाच अंगठा होईना. काय म्हणू? तुमच्या बाळाला मांडीवर घेतलं त्या बाईला गोवर आहे? पुढच्या वर्षी मला कोण दारात उभं करणार? आणि वर माझा आवाज असा झालेला, फाटक्या भोंग्यासारखा.

तरी लावले. एकेकीला लावले. एक बिचारी म्हणाली, "ताई, तुम्ही कशा आहात ते आधी सांगा." मला रडूच आलं. एकीचा नवरा इतका बोलला की फोन कानापासून लांब धरावा लागला, पण बाळाला त्याच संध्याकाळी नेलं. बहुतेकांची लस झालेली होती. चार महिन्यांचं एक पिल्लू होतं, त्याला त्याच्या आईनं दुसऱ्या दिवशी आमच्याच दवाखान्यात आणलं.

राहिली स्वरा. सगळ्यांत जवळून, सगळ्यांत शेवटी आणि अंगात ताप असताना मी तिलाच घेतलं होतं.

दीपालीनं ऐकून घेतलं. तिचा आवाज बारीक झाला. म्हणाली, "नेते ना ताई. सोमवारी नक्की नेते."

"सोमवारी उशीर होईल. उद्याच न्या, नाहीतर शनिवारी."

मागून सासूबाईंचा आवाज आला, "कोण आहे गं?" आणि फोन त्यांच्या हातात गेला. "हे बघा शकूताई, रविवारी कार्य आहे आमच्याकडं. सगळं गोत जमणार आहे. ऐन संक्रांतीच्या दिवसात असलं काही बोलू नका. तुम्ही दोनदा खोकलात, त्यानं काय होतंय? आमच्या पोरांनी आयुष्यभर खोकणारी माणसं बघितली. सोमवारी बघू."

मी पुन्हा लावला. उचलला नाही. मालक दवाखान्यातून थेट सोसायटीवर गेले, तर सासूबाईंनी बाल्कनीतूनच हात जोडले. दवाखान्यातून फोन गेला, त्यालाही सोमवार. रविवारी त्या हॉलमध्ये आणखी किती तान्ही पोरं जमणार होती, कुणास ठाऊक. स्वराच्या अंगात उतरलं असेल तर सोमवारपर्यंत सुईचा उपयोग संपलेला. पडद्यापलीकडं झोयाचा श्वास ऐकू येत होता, त्याच्या जागी मला स्वराचा ऐकू यायला लागला. माझं डोकं फिरायची वेळ आली.

मुकुट

शुक्रवारी दुपारी डॉक्टरीणबाई तपासायला आल्या तेव्हा मी विचारलं, "बाई, माझ्या हातचे दागिने लेकरांनी घातले, चाटले, तर त्यानं होतं का हो?"

"नाही हो. तो हवेतून जातो, खोकल्यातून. वस्तूवर फार वेळ टिकत नाही. दागिन्यांची काळजी सोडा."

मला केवढं बरं वाटलं! निदान माझं काम तरी चोख. दाणा दाणा निवडून ओवलेला. आणि त्याच घडीला मला सासूबाईंचं हसणं आठवलं, 'खाऊ दे गं, तिचाच आहे.' त्यांना खोकल्याची भीती नाही. खोकल्यातून येतं ते दिसत नाही ना. तोंडात गेलेल्या वस्तूची मात्र बाईमाणसाला भीती असते.

मालक डब्बा घेऊन आले होते. मी म्हटलं, "आवो, तुमच्या फोनवरनं लावा. माझा उचलणार नाहीत."

सासूबाईंनीच उचलला. मी नमस्कार-बिमस्कार काही केला नाही. "काकू, डॉक्टरांना विचारलं. माझे दागिने बाधलेत. आजारी हातचा हलवा आहे तो. बाळाला घालू नका, घरात ठेवू नका. आणि स्वरानं मुकुट चाटला होता ना, तुमच्यासमोर?"

एकदम काकू ओरडल्या, "अगं आई! दीपाली! अगं त्या मुकुटाचा निम्मा हलवा हिनं खाल्लाय गं!"

"आत्ताच्या आत्ता सुईला न्या काकू. उद्याची वाट बघू नका."

फोन आपटल्यासारखा बंद झाला. मालक माझ्याकडं बघत होते. डॉक्टरीणबाई बोलल्या ते त्यांनीही ऐकलं होतं.

"अगं, दागिने बाधलेत म्हणालीस?"

"म्हणाले."

"हे गावभर व्हईल. पुढच्या वर्षी कोण यील तुझ्याकडं?"

"नाय यीना का," मी म्हटलं आणि भिंतीकडं तोंड केलं. म्हटलं खरं, पण डोळ्यांतून पाणी थांबेना. माझ्या हातचं बाधतं, हे मीच माझ्या तोंडानं सांगितलं होतं. नसीमनं पडद्यातून हात घालून माझ्या पाठीवर ठेवला. तिला काय कळलं होतं, काय नाही, कुणास ठाऊक.

संध्याकाळी दीपालीचा फोन आला. स्वराला सुई दिली होती. बोरन्हाण पुढं ढकललं होतं. तिनं एवढंच सांगितलं आणि ठेवून दिला. दागिने त्यांनी वॉचमनकडं प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवीला वरून दुसरी पिशवी बांधून ठेवले होते. मालक घेऊन आले आणि दवाखान्याच्या फाटकातून मला फोन करून विचारलं, काय करू यांचं? मी म्हटलं, टाका कुठंतरी. थोड्या वेळानं फोनमधून कुडुमकुडुम ऐकू आलं.

"काय करताय?"

"हार खाऊन ऱ्हायलो. चांगला झालाय की. मला गोवर लहानपणीच यिऊन गेलाय, कायी व्हत नाय."

दवाखान्यात पाय ठेवल्यापासून मी पहिल्यांदा हसले. बरगड्या दुखल्या, पण हसले.

घरी

बरं व्हायला मला लई दिवस लागले. दोन खोल्या झाडल्या तरी बसावं लागायचं. केस मूठ मूठ गळाले. डोळ्यांसमोर बारीक दोरा धरला की हलायचा. नवरा-बायकोत खटकेही उडाले. ते म्हणायचे आराम कर, मी म्हणायचे आराम करून खाऊ काय. आजारी माणूस चिडकं होतं आणि सांभाळणारं माणूस त्याच्याहून चिडकं होतं, हे कुणीतरी आधी सांगायला पाहिजे. झोया माझ्याआधी घरी गेली. जाताना तिनं माझ्याकडं बघून बिस्किट मागितलं, तेव्हा नसीमनं आणि मी दोघींनी डोळे पुसले.

रोज मी दीपालीच्या फोनची वाट बघायचे आणि फोन येईल म्हणूनही धसकायचे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, दोन-तीन आठवडे लक्ष ठेवा, सुई दिली तरी हमी नसते. तीन आठवडे गेले, महिना गेला. मालकांनी सोसायटीच्या वॉचमनला विचारलं. तो म्हणाला, पोरगी मस्त आहे, रोज खाली बाबागाडीत असते. त्या दिवशी मी गोडाचा शिरा केला. फोडणीची आमटीही केली, चरचरीत.

पण गावभर व्हायचं ते झालंच. बायकांच्या ग्रुपवर फिरलं, की शकूताईचे दागिने घेऊ नका, आजार लागतो. नावानिशी. पुढची संक्रांत आली तेव्हा माझ्याकडं एक कुत्रं फिरकलं नाही. मी हलवा घेतलाच नाही, ब्लाऊजला हूक लावायचं काम धरलं.

त्याच दिवसात गुलमंडीच्या बाजारात दोरे आणायला गेले होते. हलव्याच्या दुकानापुढं ही गर्दी. त्यात दीपाली दिसली. बरोबर एक पोटुशी बाई, जाऊ असावी, आणि दीपालीच्या कडेवर स्वरा. केवढी मोठी झालेली! केस कापलेले, हातात बोर, तोंडाला बोराचा चिकटा. तिनं माझ्याकडं सरळ बघितलं. डोळे नितळ होते.

ती जाऊ दुकानदाराला विचारत होती, लहान बाळाचे दागिने घरी येऊन कोण घालून देतं? दुकानदारानं ओळखीनं माझ्याकडं बोट केलं. दीपालीनं वळून पाहिलं आणि तिचा चेहराच उतरला. जावेच्या कोपराला धरून ती हळू म्हणाली, पण मला ऐकू आलं, "यांच्याकडून नको. यांच्याच दागिन्यांमुळं स्वराला होता होता राहिलं."

माझ्या तोंडाशी आलं होतं. की बाई, दागिन्यांना काही झालं नव्हतं. तो दाणा अन् दाणा चांगला होता. जीभ दातांखाली धरली. हिनं खरं ऐकलं तर उद्या ही म्हणणार, मग एवढं काही नव्हतं, सुई काय, नंतर देऊ. आणि या जावेचं बाळ अजून यायचंय.

मी पुढं झाले. दीपालीनं स्वराला दुसऱ्या कडेवर घेतलं, माझ्यापासून लांब.

"दुसरा डोस झाला का हिचा?" मी विचारलं.

"झाला. केव्हाच झाला," ती तुटकपणे म्हणाली. "तुमच्या धसक्यानं तारखेच्या दिवशीच सकाळी जाऊन बसलो होतो. सासूबाई तर आता सोसायटीतल्या सगळ्या बाळांच्या तारखा विचारत फिरतात."

मी जावेकडं वळले आणि म्हटलं, "खरंय ताई. माझ्याकडून घेऊच नका."